घारीनं वडा चोरला म्हणे!

वह्या बंद करा. पेनं खाली ठेवा. मागच्या बाकावरची खुसखुस थांबली की बोलायला सुरुवात करते. मला घाई नाही.

थांबली? बरं.

‘आमची सहल’ या विषयावरचे तुमचे निबंध काल तपासले. हर्णैचा समुद्र, सुवर्णदुर्ग, बंदरावरचा मासळीचा लिलाव, हे सगळं तुम्ही दोन ओळींत उरकलंत. पानं भरली ती एकाच पराक्रमानं. आम्ही पुळणीवर वडे खात होतो, इतक्यात दुष्ट घारीनं झडप घातली आणि वडा चोरून नेला! कुणी तिला ‘आकाशातील दरोडेखोर’ म्हटलंय, कुणी ‘निर्दयी पक्षी’. एका महाभागानं तर थेट गरुडच उतरवलाय. आणि शेवटी तात्पर्य काय, तर ‘अशा पक्ष्यांचा सरकारने त्वरित बंदोबस्त करावा.’ वा! वडा तुमचा, हलगर्जीपणा तुमचा, आणि बंदोबस्त मात्र सरकारनं करायचा, तोही घारीचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आरोप केलाच आहे, तर साक्षीपुरावाही होऊन जाऊ दे. मी तिथंच होते.

पहिली साक्ष होडीतली. सुवर्णदुर्गाला जाताना होडीमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागला. ‘सीगल, सीगल’ म्हणून ओरडलात तुम्ही. मराठीत कुरव म्हणतात त्यांना, बसमध्ये सांगितलं होतं, ऐकलं कुणी? वेफर्सची पिशवी फाडून पहिला वेफर कुणी उडवला, ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, मान खाली घातलीच आहे त्यानं. कुरवानं तो वेफर हवेतल्या हवेत टिपला आणि होडीत टाळ्यांचा कडकडाट. मग दुसरी पिशवी, मग तिसरी. सोबत आलेले दोन पालकसुद्धा गाठ्या उडवायला लागले. त्यांना मी तिथंच बोलले आहे, आज पुन्हा चिठ्ठीही जाईल. शेवटी शेवटी तर वेफर दोन बोटांत धरून हात लांब करण्याची स्पर्धा लागली. कुरवानं चोच घालून बोटांतला वेफर ओढला की ‘सेलिब्रेशन’.

दुसरी साक्ष पुळणीवरची. जेवायला सुरूच्या बनात बसा, असं बजावलं होतं. झाडांखाली पंख पसरायला जागा नसते, तिथं घार सहसा सूर मारत नाही. पण सावलीत फोटो चांगले येत नाहीत ना! म्हणून तुम्ही उघड्या वाळूत गेलात. मागे समुद्र आला पाहिजे म्हणून एक जण पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. वडा खांद्याच्या वर, तोंडाजवळ. खायचा नव्हता, दाखवायचा होता. डोक्यावर दोन घारी कधीच्या घिरट्या घालत होत्या. त्यातली एक बाजूला सरकली, खाली आली, आणि पाठीमागून, कानाला पंखाचा वारा लागेल इतक्या जवळून गेली. चोचीनं नाही, पायांनी नेला तिनं वडा. समोरच्याला ‘अरे’ म्हणायलाही उसंत मिळाली नाही. हातात राहिला तो चटणीनं माखलेला कागद. बोटावर नखाची एक बारीक रेघ आणि त्या रेघेवर रक्ताचा थेंब. वर पाहिलं, तर घार उडता उडताच मान खाली वाकवून पंजातल्या वड्याचे लचके तोडत होती.

आणि मग तुम्ही काय केलंत? दगड उचललेत.

इथं थांबा आणि नीट ऐका. सकाळी कुरवानं तुमच्या बोटांतून खाणं घेतलं, तेव्हा टाळ्या. दुपारी घारीनं तुमच्या बोटांतून खाणं घेतलं, तेव्हा दगड. कृती तीच, हात तेच. फरक एवढाच की एकदा तुम्हाला द्यायचं होतं आणि एकदा नव्हतं. हा फरक पक्ष्याला कुठून कळणार? तुमच्या मनातलं ओळखून वागायला ती काय तुमची आई आहे?

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला, सांगू? पंचवीस वर्षं शिकवतेय मी. एकदा दाखवलं की कळलं, असा विद्यार्थी वर्षाकाठी एखादाच भेटतो. ती घार तशी आहे. माणसाच्या हातात कागद दिसला की आत खाणं असतं. पाठ वळली की धोका नसतो. मान खाली असली की वाट मोकळी असते. हे धडे तिला तुमच्यासारख्या सहलीवाल्यांनीच दिले, रोज, फुकट, वेफर्सच्या पिशवीसकट. ती शिकली. तुम्हाला मात्र ‘सुरूखाली बसा’ एवढं एक वाक्य झेपलं नाही. आता कुणाचा बंदोबस्त करायला सांगू सरकारला?

आता तुमच्या सबबी घेऊ. निबंधात चार सापडल्या.

पहिली सबब, ‘हल्ली पक्षी माजले आहेत.’ माजले म्हणजे काय? हर्णै बंदरात मासळी उतरते, तिथं टाकाऊ मासे आणि आतडी किनाऱ्यावर पडतात. घार मुळात अशाच गोष्टींवर जगते : मेलेले मासे, उंदीर, किडे, खाटकाकडचं टाकाऊ. मोठी शिकार करण्याच्या भानगडीत ती फारशी पडत नाही. दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवणं हा तर पक्ष्यांच्या जगातला जुना धंदा. कावळा घारीचा पळवतो, घार कावळ्याचा. त्यात माणसाला वेगळी वागणूक कशाला द्यावी तिनं? आणि हे काही हर्णैपुरतं नाही. जपानमध्ये कामाकुरा आणि एनोशिमाच्या किनाऱ्यांवर ‘घारींपासून सावध राहा’ असे फलक लावलेत. तीच घार, आपल्याकडच्या घारीची सख्खी भाऊबंद. तिथंही ती पाठीमागूनच येते आणि खाणाऱ्याच्या हातातलंच नेते.

दुसरी सबब, ‘पक्ष्याच्या मनात काय येतं ते माणसाला कसं कळणार?’ हे लिहिणारीनं स्वतःला फार शहाणं समजू नये. कळतं. बघायचे कष्ट घेतले की कळतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात, समुद्राकाठच्या गावांमध्ये हेरिंग गल नावाचे मोठे कुरव लोकांच्या हातचे बटाट्याचे चिप्स पळवतात. एक्सेटर विद्यापीठातल्या मॅडलिन गूमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं एक साधा प्रयोग केला. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. चिप्सची पिशवी जमिनीवर ठेवायची आणि जवळ बसायचं. एकदा पक्ष्याकडे टक लावून बघायचं, एकदा तोंड फिरवायचं. नजर रोखलेली असताना पक्ष्यांना पिशवीपाशी यायला सरासरी २१ सेकंद जास्त लागले. आणखी ऐका. ७४ पक्ष्यांवर प्रयोग करू पाहिला, तर पिशवीजवळ आले फक्त २७. बाकीचे आलेच नाहीत. म्हणजे सगळी जात चोर, हे तुमचं म्हणणं तिथंच कोसळलं. थोडे धीट निघतात आणि बदनामी अख्ख्या जातीची होते. तुमच्या वर्गाचंही तेच चाललंय, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला लवकर समजायला हरकत नाही.

त्याच मंडळींनी पुढच्या वर्षी दुसरा प्रयोग केला. वेष्टनात गुंडाळलेले एकसारखे दोन खाऊ. त्यातला एक माणसानं पक्ष्यासमोर हातात धरून मग खाली ठेवला, दुसरा नुसताच ठेवलेला. बहुतेक पक्ष्यांनी चोच मारली ती माणसाच्या हातातून आलेल्या खाऊवर. ब्रायटनच्या किनाऱ्यावर तर असं दिसलं की माणूस ज्या रंगाच्या वेष्टनातून खातोय, त्याच रंगाचं वेष्टन कुरव टोचतात. तुम्ही काय खाताय, कसल्या पिशवीतून खाताय, कुठं बघताय, एवढं सगळं ते टिपून घेतात. तुमच्यापैकी एकाला तरी सांगता येईल का, घारीची शेपटी कशी होती? नाही ना? मधोमध खाच असलेली शेपटी आणि मळकट तपकिरी अंग म्हणजे घार. पांढरं डोकं, पांढरी छाती, बाकी अंग विटकरी आणि शेपटी गोलसर म्हणजे ब्राह्मणी घार. दोन्ही बंदरावर होत्या, दोन्ही मी बोट करून दाखवल्या. गरुड कुठंच नव्हता. गरुडवाल्या निबंधाचे गुण मी कापले आहेत, तक्रार घेऊन येऊ नये.

तिसरी सबब मोठी साळसूद आहे : ‘आम्ही भूतदया केली.’ भूतदया म्हणे! तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी वीण करतात. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. एवढी उड्डाणं करणाऱ्या पक्ष्याला तुम्ही दया म्हणून काय दिलंत? पामतेलात तळलेला बटाटा. मीठ बाहेर टाकायची सोय निसर्गानं त्याला दिली आहे. डोळ्यांच्या वरच्या ग्रंथींतून खारं पाणी निघतं आणि नाकपुडीतून गळून जातं. पण मासा, कोळंबी, किडे यांतून जे अंगाला लागतं ते वेफरमधून लागत नाही. पोट भरतं, पोषण होत नाही. हीच तक्रार तुमच्या डब्यांबद्दलही आहे माझी, पण ती पालकसभेत.

दया करायची तर नीट बघा, त्यांना अंतर द्या आणि हात खिशात ठेवा. यात टाळ्या मिळत नाहीत, फोटो येत नाही. म्हणून तर तुम्हाला ती सुचली नाही.

चौथी सबब, ‘सगळेच टाकतात, आमच्या एका वड्यानं काय होतं?’ तुम्ही उठून बसकडे गेलात, तेव्हा वाळूवर काय काय होतं ते ऐका. वड्यांचे तेलकट कागद, अर्धवट पाव, वेफर्सच्या पिशव्या, सांडलेला चिवडा. तुमची पाठ वळायचा अवकाश, कावळे उतरले. मग दोन कुत्री आली. मी आणि शिपाईकाका गोण भरेपर्यंत त्यांची पंगत सुरू होती. तुमच्यासारख्या चार बस रोज येतात. त्या किनाऱ्यावर मुळात जितकी कावळे-कुत्री जगली असती, त्याहून जास्त तुमच्या उष्ट्यावर जगतात.

आणि त्याच किनारपट्टीवर, हर्णैच्या खाडीपलीकडे आंजर्ल्याला, पुढे केळशीला, वेळासला, ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वाळूवर येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीनं ही अंडी जपायला घेतली. घरटी शोधायची, अंडी कुंपणाच्या आत हलवायची, दीड-दोन महिने राखण करायची आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. कुंपण कुणापासून? त्यात कुत्री आहेत, कोल्हे आहेत, आणि माणूसही आहे. पिल्लू तळहातावर मावेल एवढं. वाळूवरून पाण्यापर्यंतचं ते थोडंसं अंतर तुडवताना त्याला उचलायला कोण टपलेलं असतं? कावळे आणि घारी. गावातली माणसं पहाटे उठून एकेक पिल्लू पाण्यापर्यंत पोचवतात, आणि तुम्ही शहरातून येऊन त्यांच्या किनाऱ्यावर कावळ्यांच्या पंगती घालून जाता. ‘एका वड्यानं काय होतं’ हे त्या माणसांसमोर उभं राहून म्हणून दाखवा. माझ्यासमोर नको.

कावळ्याचा विषय निघालाच आहे, तर तोही पुरता ऐका. भाद्रपदात गच्चीवर पान ठेवून तुमच्याच घरची मोठी माणसं ‘काव काव’ करत त्याची वाट बघतात. पिंडाला कावळा शिवला नाही तर तोंडचं पाणी पळतं. लहानपणी तुम्हाला भरवलं तेही काऊचा घास, चिऊचा घास करूनच. तोच कावळा पुळणीवर पावाच्या तुकड्याला आला की ‘हाड’ आणि दगड. गरजेला पितर आणि एरवी भामटा, हा कुठला न्याय?

या न्यायाचा शेवट कुठं होतो, तेही सांगते. १८९० च्या दशकात आपला साधा गावकावळा समुद्रापार झांजिबारला नेण्यात आला. कशासाठी? कचरा साफ करायला. तिथून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. माणसाचा कचरा जिथं जिथं, तिथं तिथं तो वाढला. तिथल्या मूळ पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊ लागला, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत पर्यटकांच्या ताटांवर उतरू लागला. जून २०२४ मध्ये केनियाच्या वन्यजीव विभागानं जाहीर केलं की वर्षअखेरीपर्यंत दहा लाख कावळे मारायचे, त्यासाठी विषही वापरायचं. तिथल्या पक्ष्यांवर संकट आहे हे खरं, तेव्हा त्या विभागाला शहाणपण शिकवायला मी बसलेली नाही. पण क्रम बघा. माणसानं नेला, माणसानं खाऊ घातला, माणसाच्या उकिरड्यावर माजला आणि अखेर विष मिळालं ते कावळ्याला. तुमच्या निबंधातला ‘बंदोबस्त’ म्हणतात तो हा. लिहिताना हात जरा तरी जड व्हायला हवा होता.

आता दगडाचं. या बाबतीत मी विनोद करणार नाही. घार ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तिला मारणं, पकडणं, तिचं घरटं मोडणं, अंडी काढणं हा गुन्हा आहे. हिवाळा हा आपल्याकडे घारींच्या विणीचा हंगाम. माडाच्या नाहीतर वडाच्या शेंड्यावर काटक्यांच्या घरट्यात दोन-तीन पिल्लं असतात आणि आईबाप दिवसभर त्यांच्यासाठी चोच भरत असतात. तुमचा दगड लागला असता, तर एका घारीवर निभावलं नसतं. तो लागला नाही, याचं श्रेय तुमच्या नेमाला आहे, तुमच्या शहाणपणाला नाही. आणि हवेत फेकलेला दगड खाली येतो, हे विज्ञानाच्या तासाला शिकवलंय ना? खाली सातवीच्या मुली बसल्या होत्या.

ज्याच्या बोटाला नख लागलं, त्याचं बोट मी साबणानं धुतलं, औषध लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सांगून घरी निरोप धाडला. इंजेक्शन घेतलंस का रे? घेतलंस. बस. तुझ्यावर माझा राग इतरांपेक्षा कमी आहे, कारण दगड उचलणाऱ्यांत तू नव्हतास. रडत होतास, पण ‘वर बघा, ती उडतानाच खातेय’ हे वाक्य त्या अख्ख्या गर्दीत एकट्या तुझ्या तोंडून निघालं. तेवढंच एक निरीक्षण. तुझ्या निबंधात ते का नाही? चारचौघांसारखं ‘दुष्ट घार’ लिहून मोकळा झालास. डोळ्यांनी पाहिलेलं सोडून ऐकीव लिहायची ही सवय मोड.

आता शिक्षा. माना वर करा, हे लिहून घ्यायचं आहे.

निबंध पुन्हा लिहायचा. शीर्षक तेच, पण ‘दुष्ट’, ‘निर्दयी’, ‘दरोडेखोर’ यांतला एकही शब्द आला तर पान फाडून हातात देईन. त्या दिवशी किनाऱ्यावर जे जे पाहिलंत ते लिहायचं : कोण कुठं उडत होतं, किती वेळ, काय खात होतं, कोणत्या बाजूनं आलं. काही पाहिलंच नसेल, तर तसं प्रामाणिकपणे लिहा. त्याचेही गुण देईन.

या आठवड्यात मधल्या सुट्टीत रोज चौघांनी व्हरांड्यात उभं राहून शाळेच्या मैदानावरचे कावळे आणि घारी बघायच्या. डबे उघडण्याआधी किती होत्या, उघडल्यावर किती झाल्या, घंटा झाल्यावर किती उरल्या, हे रोज फळ्यावर लिहायचं. हात मागे बांधून उभं राहायचं. एक दाणाही टाकायचा नाही.

पुढच्या वर्षी सहल समुद्रावर न्यायची की नाही, ते मी त्या फळ्याकडे बघून ठरवीन. नेली, तर नियम आत्ताच सांगते, म्हणजे ‘बाई, माहीत नव्हतं’ हे ऐकावं लागणार नाही. खायचं ते झाडाखाली नाहीतर छपराखाली. उघड्यावर बसायची वेळ आलीच, तर पाठ भिंतीला नाहीतर एकमेकांच्या पाठीला, आणि नजर वर. डबा झाकलेला, खायचा घास तेवढाच बाहेर. खाणं हातात घेऊन नाचवायचं नाही, मिरवायचं नाही. पक्षी जवळ आला तर त्याच्याकडे सरळ बघायचं. किंचाळायचं नाही, पळायचं नाही, मारायचं तर अजिबात नाही. आणि त्यातूनही नेलाच एखादा वडा, तर नेला. दुसरा घ्या. कुणी उपाशी मरत नाही. होडीत बसताना वेफर्सच्या पिशव्या माझ्या झोळीत जमा होतील. उष्टं-खरकटं आणि कागद ज्याचं त्यानं पिशवीत भरून घरी न्यायचं, किनाऱ्यावरच्या डब्यातसुद्धा टाकायचं नाही. त्या डब्यांना झाकणं नसतात आणि कावळ्यांना हे तुमच्याआधीपासून माहीत आहे.

घंटा झालीच. डबे घेऊन शेडमध्ये जा. मैदानाच्या कठड्यावर आज पोळीचा एक तुकडा जरी दिसला, तरी कुणी टाकला हे मी विचारत बसणार नाही. अख्खा वर्ग अख्खं मैदान झाडेल. पहिले चौघे व्हरांड्यात थांबा. बाकीचे, निघा.